क्षमा : सोसणे आणि सोडणे
('स्मृतिचित्रे'च्या निमित्ताने)

'क्षमा' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ पृथ्वी असा आहे. सारे भार निमूटपणे वाहते ती क्षमा, हा संस्कार आपल्या भाषेत इतका मुरलेला आहे, की क्षमाशीलता आणि सोशिकता यांतील भेद सहसा लक्षात घेतला जात नाही. स्त्रीच्या संदर्भात तर हे दोन गुण एकच मानले जातात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत मात्र रूपक निराळे आहे. तेथे अपराध हे ऋण आहे आणि क्षमा म्हणजे ते ऋण सोडणे. सोसण्यास कोणताही अधिकार लागत नाही. ऋण सोडण्यास धनकोचा अधिकार लागतो. शिवाय सोडण्यापूर्वी ते वहीत मांडलेले असावे लागते. ख्रिस्ती श्रद्धेमुळे क्षमेचे बळ लाभते असे म्हणताना यांपैकी कोणते बळ अभिप्रेत असते, हा प्रश्न लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'च्या आधारे तपासता येतो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लहानग्या दत्तूसह लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. नवरा हयात असूनही संसार उरला नव्हता. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, परंतु आपले सोवळे आणि वेगळा स्वयंपाक सांभाळूनच. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. श्रद्धा हे कारण आणि क्षमा हे कार्य, असा सरळ संबंध येथे लावता येत नाही. परतणे आधी घडले. त्याचा अर्थ नंतरच्या श्रद्धेने उलगडला.

यावर एक आक्षेप संभवतो. त्या काळच्या निराधार ब्राह्मण स्त्रीपुढे परतण्यावाचून दुसरा मार्ग तरी कोणता होता? आक्षेप रास्त आहे. निवडीला वाव नसेल तर क्षमा हे सोसण्याचेच शोभिवंत नाव ठरते. परंतु सोसणे मुके असते, आणि 'स्मृतिचित्रे' मुके नाही. टिळकांचा संताप, लहरीपणा, घराविषयीची बेफिकिरी, स्वतःची झालेली फरफट यांतले काहीच लक्ष्मीबाई झाकत नाहीत. १९१९ साली टिळक वारले. त्यानंतर कित्येक वर्षांनी हे लेखन झाले. ऋणको जगात नसताना त्यांनी वही उघडली आणि नोंदी पूर्ण केल्या. त्यांचा प्रसिद्ध विनोद अपराध पुसत नाही. त्याची वसुली तेवढी थांबवतो.

हाना आरेन्ट यांनी १९५८ साली मांडले, की घडलेली कृती परत घेता येत नाही, आणि तिच्या परिणामांच्या साखळीतून माणसाला सोडवते ती क्षमा. मानवी व्यवहारातील तिचे हे स्थान नाझरेथच्या येशूने ओळखले. या साखळीचे चित्र 'स्मृतिचित्रे'च्या आरंभीच भेटते. १८५७च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाली आणि लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने झपाटले. सरकारकडून वसूल न होणारे ऋण घरातल्या बायकामुलांकडून वसूल होत राहिले.

लक्ष्मीबाईंनी ही वसुली पुढे चालवली काय? याचे उत्तर आपल्याला खानदेशात मिळते. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात धरणगावचा कोवळा त्र्यंबक बापूजी ठोमरे 'बालकवी' ठरला आणि टिळकांच्या स्नेहात आला. पुढे तो त्यांच्या नगरच्या घरी राहिला. ज्या समाजाने लक्ष्मीबाईंना दूर लोटले, त्या समाजातला हा मुलगा. त्यांनी त्याला पुत्रवत वागवले, आणि तो अखेरपर्यंत हिंदूच राहिला. दुसऱ्याच्या धर्मांतराने जिचे घर एकदा मोडले, तिच्या ख्रिस्ती घरात दुसऱ्याच्या मुलाला धर्म न बदलता राहता आले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली ठोमरे गेले, तेव्हा या घराला शोक झाला तो आपला मुलगा गेल्याचा.

क्षमेची कसोटी म्हणून मला हीच खूण स्वीकारार्ह वाटते: आपल्यावर झालेला अन्याय स्पष्ट शब्दांत सांगता येणे आणि तरीही तो पुढच्या माणसाकडे न सोपवणे. श्रद्धा हे बळ देऊ शकते, याला 'स्मृतिचित्रे' साक्ष आहे. मात्र क्षमेची मागणी करण्याचा हक्क त्यातून ना धर्मसंस्थेला मिळतो, ना पतीला. ऋण सोडायचे की नाही, हे ठरवायचे ते धनकोनेच.