पालखीचा मान आणि घटनेचे कलम

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीच्या शिवेवर येते, तेव्हा परीट समाजाची मंडळी तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढपाळ आपला कळप तिच्याभोवती रिंगणात धाववतात. पायघड्या कोणी घालाव्यात आणि रिंगण कोणाच्या मेंढ्यांनी करावे, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे आणि त्याला 'मान' म्हणतात. धर्माच्या जाहीर उच्चाराला मर्यादा असावी की नसावी, हा वाद वाचताना माझे मन वारंवार या शब्दाकडे वळते. कारण आपल्याकडे हे स्वातंत्र्य प्रथम हक्क म्हणून नव्हे, मान म्हणून जन्मले, आणि मान म्हटला की तो कोणाचा हा प्रश्न त्याच्या पोटात असतोच.

ज्यांच्या पादुका या रथातून जातात, त्या तुकोबांनाच हा प्रश्न सर्वांत कठोरपणे विचारला गेला होता. शूद्राने प्राकृतातून वेदार्थ सांगावा हे न रुचून रामेश्वरभट्टांनी त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावल्या, असे परंपरा सांगते. अभंगांत काय आहे यापेक्षा ते कोणी रचले, हीच मूळ तक्रार होती. मर्यादा शब्दांवर नव्हती, बोलणाऱ्याच्या जन्मावर होती. १६८५ साली धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पादुका पालखीत ठेवून वारीला सोहळ्याचे रूप दिले. पुढे शतकभरात याच बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत पुराण सांगत होते आणि अवघे महाभारत मराठी आर्यांत उतरवीत होते. त्यांना अधिकाराचा दाखला कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. पंतांच्या व्यासंगाला यात यत्किंचितही उणेपणा नाही, परंतु एकाच भाषेतील एकाच आशयाला एका घरी जलसमाधी आणि दुसऱ्या घरी राजाश्रय मिळावा, यातच अधिकारभेदाचे सारे शास्त्र आले.

राज्यकर्त्यांची रीत निराळी होती. देवळाला आणि दर्ग्याला दिवाबत्तीचे इनाम मागील सनदेप्रमाणे चालू ठेवावे, तंटा पडला तर जुनी वहिवाट पाहून निवाडा द्यावा, हे त्यांचे धोरण. भोसल्यांच्या जहागिरीतील इंदापूर कसब्यात मालोजीराजांची गढी आहे, चाँदशहावली बाबांचा दर्गा आहे आणि आषाढी वारीचा मुक्कामही आहे. अशा गावात वहिवाट हीच शांततेची हमी असते. मात्र वहिवाट नव्याला ओळखत नाही, हा तिचा दोष. इंग्रजांनी १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचे अभिवचन दिले, तरी मिरवणुकीचा परवाना पोलिसांच्या हाती ठेवला. आणि १९२७ साली दुष्ट हेतूने धर्मभावना दुखावणे हा गुन्हा ठरवून बोलणाऱ्याच्या हेतूची झडती घेण्यास आरंभ केला.

१ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण आरंभिले, तेव्हा ज्या दाराशी आमची पालखी जाऊन थांबते, त्याच दाराशी 'अधिकार' आणि 'मान' या दोन्ही शब्दांची परीक्षा झाली. राज्यघटनेच्या २५ व्या कलमात तिचे फलित दिसते. ते कलम मूळ इंग्रजीत वाचताना एक गोष्ट नेहमी डोळ्यांत भरते : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांचे बंधन त्यात आधी येते आणि स्वातंत्र्य मागाहून. 'तू कोण?' हा प्रश्न जाऊन 'तुझ्या आचरणाने शेजाऱ्याचे काय होते?' हा प्रश्न आला. सर्वत्र नव्हे. मुंबई सरकारने १९४९ साली जातीबाहेर व धर्माबाहेर टाकण्यास बंदी करणारा कायदा केला, तो दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली बहुमताने रद्द ठरविला. संप्रदायाच्या स्वातंत्र्यात माणसाला वाळीत टाकण्याचे स्वातंत्र्यही येते, हा तो निष्कर्ष मला आजही पटत नाही. मुख्य न्यायमूर्ती सिन्हा यांचे विरोधी मतच मला घटनेच्या आशयाशी अधिक इमानी वाटते. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा करावयास त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

त्या तीन बंधनांपैकी 'आरोग्य' हा शब्द वारकऱ्यांना दूरचा वाटत असे. २०२० साली तो दाराशी आला. इंग्रजांच्याच १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन पायी वारी थांबविण्यात आली, पादुका एस.टी.च्या बसने पंढरीस गेल्या, आणि बारामती ते सराटी या वाटेवर ना काटेवाडीच्या मेंढ्या धावल्या, ना बेलवाडीला रिंगण झाले. ते मोठे दुःख होते, आणि माणसांनी ते निमूट सोसले. मला वाटते, त्या निमूटपणाचे एक कारण असे की या वेळी मर्यादा घालणाऱ्याने कोणाची जात विचारली नव्हती. मानकरी आणि बिनमानाचा, दोघेही सारखेच घरी बसले होते.

२०२२ च्या वारीत पालखी पुन्हा पायी निघाली. पायघड्या आल्या, रिंगणे झाली, ज्याचा त्याचा मान ज्याला त्याला मिळाला. दिंड्यांसोबत आरोग्य खात्याची पथकेही चालत होती. त्यांचा मान मात्र अद्याप कोणी ठरविलेला नाही.