हसण्याचं सुतक

कुणी गेलं की भेटायला जाणं हा मोठा अवघड कार्यक्रम असतो. लग्नात कसं वागायचं ते निदान पत्रिकेवर थोडंफार छापलेलं असतं. भेटायला जाताना मात्र माणूस सर्वस्वी स्वतःच्या चेहऱ्यावर अवलंबून. दारात कुणी 'या' म्हणत नाही, निघताना आपण 'येतो' म्हणायचं नाही, नमस्कार करायचा नाही. म्हणजे नेहमीच्या भेटीतली पाऊण वाक्यं बादच झाली. उरलं काय, तर 'कसं झालं?' हा प्रश्न आणि पंख्याकडे बघणं. उठायचं कसं हा तर फारच नाजूक पेच. 'येतो' म्हणायची सोय नाही, एवढ्याच कारणासाठी दीड-दीड तास बसलेली भली माणसं मी पाहिली आहेत.

अशा ठिकाणी हसायचं नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि हसू तर नेमकं तिथेच दबा धरून बसलेलं असतं. एका घरी अशीच जीवघेणी शांतता पसरली होती. कोपऱ्यात एक मावशी पदरात तोंड खुपसून हुंदके देत होत्या. शेजारच्या बिऱ्हाडात कुकरच्या शिट्ट्या होऊ लागल्या. मावशी पदर न काढता म्हणाल्या, "तीन झाल्या, बंद करायला सांगा." आणि पुन्हा हुंदका दिला. त्यांचं दुःख खोटं होतं असं म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी कुकर लावलेला नाही!

प्रश्न असा आहे की, दुःखात हसणं ही गेलेल्या माणसाशी बेइमानी आहे का? लोकांचा हिशेब सरळ असतो. एकूण दुःख शंभर, त्यातून हसू वजा दहा, शिल्लक नव्वद. म्हणजे तेवढं प्रेम कमी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि वीस वर्षं बँकेतला कारकून. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. वजाबाकी बरोबर आहे, खाती चुकली आहेत. हसू निघतं ते सेव्हिंग्जमधून. दुःख फिक्स्ड डिपॉझिटला असतं. तुम्ही सेव्हिंग्जमधून रोज शंभर रुपये काढलेत म्हणून डिपॉझिटची पावती कमी रकमेची होत नाही. उलट मुदत संपली की ती आपोआप रिन्यू होते, कुणी फॉर्म भरून दिलेला नसतानाही.

नाटकवाल्यांना हे आमच्या आधी कळलेलं होतं. राम गणेश गडकरी १९१९ साली, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी गेले आणि 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. सिंधूची वाताहत बघताना अख्खं थिएटर डोळे पुसतं. आणि त्याच नाटकात तळीराम आहे, त्याचं आर्य मदिरा मंडळ आहे, पोट धरधरून हसणं आहे. तळीरामाला हसलो म्हणून सिंधूसाठी रडायचं राहून गेलं, अशी तक्रार करून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मागल्या वर्षी जुलैत आमचे अण्णा गेले. टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. घरात वस्तू आली की तिच्यावर तारीख पडलीच पाहिजे, ही खात्याने लावलेली सवय. घड्याळाचे सेल, गॅसची नळी, केरसुणी, सगळ्यांवर तारखा. आम्ही दोघे भाऊ त्यातून कसे सुटलो देव जाणे.

ते गेल्यावर चार दिवस माणसांची रीघ लागली होती. जो तो म्हणायचा, "देवमाणूस होता." "कधी कुणाला दुखवलं नाही." "शांत, निरिच्छ." आई मान डोलवायची. मला मात्र सारखं वाटत होतं, हे कुणाबद्दल बोलताहेत? आमचे अण्णा निरिच्छ? जो माणूस कोथिंबिरीच्या जुडीवरून मंडईत दोन फेऱ्या मारायचा तो? दुःख होतं ते त्यांच्यासाठी, आणि घरात चर्चा चालली होती ती भलत्याच कुठल्यातरी संताची.

पाचव्या दिवशी संध्याकाळी खोली माणसांनी भरलेली असताना वरचा बल्ब गेला. धाकटा भाऊ स्टुलावर चढला. बल्ब काढून त्याने मोबाइलच्या उजेडात बघितला आणि कुणी न विचारता मोठ्याने वाचलं, "चौदा ऑगस्ट. दुकानदार म्हणतो दोन वर्षं टिकेल. बघू."

सगळे गप्प. आई म्हणाली, "तीन आठवडे राहिले होते. उद्या उजाडताच दुकानात जाऊन बसले असते." आणि तिने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. दोघी बायका लगबगीने उठून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मग आवाज बाहेर आला आणि त्यांचे हात जागच्या जागी थांबले. आई हसत होती. भाऊ स्टुलावर हसत होता, मी स्टूल धरून हसत होतो.

आत्या करड्या आवाजात म्हणाली, "वहिनी, अहो, दिवा तेवतोय अजून त्यांच्या नावाचा." क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बिल ठेवलं असेल दादाने."

होतंच. ड्रॉवरमध्ये, पाकिटात. पाकिटावर लिहिलेलं, 'विजेचे, मुदतीतले.' आमच्या सुतकात न येणारा मामा दुसऱ्या दिवशी जाऊन बल्ब बदलून घेऊन आला. तो लावण्याआधी आईने भावाला त्यावर तारीख घालायला लावली. "अक्षर नीट काढ," ती म्हणाली, "ह्यांना गिचमीड चालत नाही." चालत 'नाही'. मग मात्र ती रडली. चार दिवसांत रडली नव्हती तशी रडली.

अमेरिकेत केल्टनर आणि बोनॅनो या दोघा प्राध्यापकांनी १९९७ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदार गमावून सहा महिने झालेल्या माणसांना त्यांनी त्याच्याविषयी बोलतं केलं. ज्यांना बोलताना खरं हसू आलं, डोळ्यांच्या कडांपर्यंत पोचणारं, त्यांच्या मनातला राग कमी आणि माणसांशी संबंध बरे आढळले. वाचून बरं वाटलं. पण भीतीही वाटली, की आता हसूही जेवणानंतर दोन गोळ्या असं लिहून देतील. आईला एका गृहस्थांनी हास्यक्लबात नाव घालायचा सल्ला तेराव्याच्याच दिवशी दिला होता! आई तब्येतीसाठी हसली नव्हती. त्या बल्बापाशी तिला तिचा खरा, चिकट, भांडखोर नवरा परत भेटला होता. चार दिवस देवमाणूस-देवमाणूस म्हणून लोकांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. आणि तो भेटला म्हणूनच तर नीट रडता आलं.

आता आईला फॅमिली पेन्शन मिळते. दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो, तो हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. गेल्या नोव्हेंबरात मी तिला खिडकीपाशी बसवलं, मोबाइल समोर धरला आणि म्हटलं, "आई, डोळे मिचकाव."

"काय?"

"माणूस जिवंत आहे का, ते त्यावरून कळतं त्याला."

"उभ्या जन्मात ह्यांना कधी डोळा मारला नाही," आई म्हणाली, "तो आता सरकारला मारू होय रे?" आणि हसायला लागली ती थांबेचना. दोनदा चेहरा चौकटीबाहेर गेला. तिसऱ्या खेपेला हसता हसता तिचे डोळे मिटले, उघडले, आणि तेवढ्यात दाखला मंजूर झाला.