वीणा जुनी की नवी?

आमच्या नेवासे तालुक्यात सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारा बदलताना आधी पाया पडायचं, मगच ती गळ्यात घ्यायची. यंदा मिरजेहून नवी आणली, तर म्हातारी मंडळी नाराज. म्हणे, जुनीचा नाद हिला नाही.

मी नवी छेडून पाहिली. आवाज जरा कोरा आहे, पण जवारी मोकळी, षड्ज स्वच्छ. जुनीचा भोपळा तडकून सांधलेला, घोडी बदललेली, तारा तर दरसाल नव्या. मग त्यात जुनं उरलं काय? दांडी, आणि तिच्यावर हातांनी घासून आलेली झिलई. त्या झिलईपुढे मीही वाकतो. पण ती भक्ती झाली. तिला नाद का म्हणायचं? शिवाय बेसूर जुन्या वीणा केव्हाच चुलीत गेल्या, टिकल्या त्यांचंच कौतुक.

हाच वाद व्हायोलिनचाही आहे. २०१२ साली पॅरिसजवळ दहा नामांकित वादकांना, जुनं-नवं दिसू नये म्हणून, गडद चष्मे लावून व्हायोलिनं वाजवायला दिली. काही जुनी, स्ट्रॅडिव्हेरियसची, काही अगदी नवी. सहा जणांनी नवंच निवडलं.

अशी पारख आमच्याकडेही झाली आहे. आमच्याच नेवाशाच्या खांबापाशी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली. जुने म्हणून अपपाठ त्यांनी पूज्य मानले नाहीत.

बैठकीत मी एवढंच म्हणालो: जुनी देवळात ठेवा, सप्ताहाला नवी घ्या, आणि पहाऱ्याआधी ती सुरात लावणारा कुणीतरी बघा.