शनिवारची वीज

तेल अवीवला खेटून असलेल्या ब्नेई ब्राक शहरात शुक्रवारी दुपारी अनेक घरांतला एक प्लग भिंतीतून उपसला जातो. वीज गेलेली नसते, जाणारही नसते. तरी पुढचे सुमारे २५ तास त्या घरातला फ्रिज, दिवे आणि पंखे बॅटरीवर चालतात आणि शनिवारी आकाशात तारे दिसू लागले की घर पुन्हा बाहेरच्या विजेवर येतं. आपल्याकडे इन्व्हर्टर घेतात तो वीज कधी जाईल याचा नेम नसतो म्हणून. इथे वीज बिनबोभाट येत असते आणि तीच नको असते.

कारण धर्माचं आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ज्यू लोक शब्बाथ पाळतात. या काळात काम वर्ज्य. आणि काम म्हणजे नेमकं काय, याची मिश्ना या प्राचीन ज्यू ग्रंथाने ३९ प्रकारांत मोजदाद केली आहे. पेरणं, नांगरणं, दळणं, विणणं, बांधणं, आग पेटवणं. विजेचा दिवा आला तेव्हा रब्बींपुढे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंपुढे, पेच पडला. तापून लाल होणारी तार ही आगच, असं म्हणता येईल. पण नुसता पंखा लावला तर काय पेटतं? हझोन ईश या नावाने ओळखले जाणारे रब्बी अव्राहम येशाया कारेलित्झ (१८७८-१९५३) म्हणाले, विजेचं मंडल पूर्ण करणं हे एक प्रकारचं बांधकामच आहे. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मान आउअरबाख यांनी या युक्तिवादाचा एकेक धागा उसवून दाखवला, आणि तरीही बटण दाबायची मुभा काही दिली नाही. एव्हाना रूढी पक्की झाली होती.

बटणाचा प्रश्न टायमरने सोडवला. शुक्रवारीच वेळा लावून ठेवल्या की दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात. खरा पेच घरात नाहीच, तो वीजकेंद्रात आहे. पिन्हास रुटेनबर्ग यांनी १९२३ मध्ये काढलेल्या कंपनीतून आजची इस्रायलची वीज कंपनी उभी राहिली. तिथे शनिवारी पाळीवर बसलेला इंजिनिअर ज्यू असेल, तर तो शब्बाथ मोडून वीज तयार करतो. त्या विजेच्या उजेडात बसून शब्बाथची प्रार्थना म्हणायची?

हझोन ईश ब्नेई ब्राकमध्येच राहत. अशी वीज वापरणं म्हणजे शब्बाथ मोडण्याला आपली हरकत नाही असं जगाला सांगणं, त्यात देवाच्या नावाचा अवमान आहे, असा त्यांचा निर्वाळा. त्यांना मानणाऱ्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत डिझेलचे जनरेटर बसवले. धूर, घरघर आणि गल्लीवरून लोंबणाऱ्या वायरी हा मग शब्बाथच्या शांततेचा भाग झाला!

बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा कर्मठपणाचा अतिरेक वाटतो. पण शब्बाथच्या प्रश्नावर सरकारं हलली आहेत. ऑगस्ट १९९९ मध्ये सुमारे अडीचशे टनांचा एक अजस्र यंत्रभाग रमात हशारोनहून अश्कलोनच्या वीजकेंद्राकडे शुक्रवारी रात्री हलवण्यात आला. इतर दिवशी रस्ते तुंबले असते, हे त्यासाठी दिलेलं कारण. शब्बाथची वाहतूक थांबवली नाही म्हणून युनायटेड तोरा ज्युडाइझम हा कर्मठ ज्यूंचा पक्ष पंतप्रधान एहुद बराक यांच्या सरकारातून बाहेर पडला.

शब्बाथला ही वीज वापरू देणारी दुसरी बाजूही रब्बींचीच आहे. वीजकेंद्र बंद ठेवताच येणार नाही, कारण त्याच तारांवर इस्पितळं चालतात आणि घरोघरी श्वासाची यंत्रं चालतात. जीव वाचवण्यासाठी केलेलं काम शब्बाथ मोडत नाही, मग त्याच कामातून निघालेली वीज शेजारच्या घरात वापरली तर दोष कुठला? विरोधक यावर विचारतात, रुग्णाला लागते त्याहून अधिक वीज तुमच्या एसीसाठी करावी लागते, तिचं काय? वाद इथे अडतो, आणि तो पोरकट मुळीच नाही. दुसऱ्याची सुट्टी हिरावून मिळालेलं सुख भोगावं का, हा प्रश्न रविवारी रात्री घरपोच जेवण मागवणाऱ्या कुणालाही विचारता येईल.

बॅटरीने या वादात तिसरी वाट काढली. वीज बुधवारी-गुरुवारी तयार झाली, वापरली शनिवारी. कष्ट तेवढेच पडले, फक्त त्यांचा वार बदलला. या युक्तीला आधार मात्र फार जुना आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात वाळवंटात आकाशातून पडणाऱ्या मान्ना या अन्नाची कथा आहे. ज्याने त्याने त्या दिवसापुरतंच गोळा करायचं; उद्यासाठी ठेवलं तर त्यात किडे पडत. अपवाद सहाव्या दिवसाचा. त्या दिवशी दुप्पट गोळा करायचं, आणि ते नासत नसे. एरवी साठवण्याला दोष देणारा ग्रंथ एका दिवसासाठी साठवण्याची आज्ञाच करतो. शुक्रवारी रात्री ज्यू घरांत मेजावर दोन पाव ठेवतात ते याच्या आठवणीने.

पण आपण विसावलो आणि आपलं यंत्र राबत राहिलं, तर तो विसावा खरा का? यावर दोन हजार वर्षांपूर्वी शम्माय आणि हिल्लेल या दोन ज्यू गुरूंच्या शिष्यांत भांडण झालं होतं. शम्मायचे शिष्य म्हणत, रंगात भिजत घातलेली लोकरही शब्बाथ लागण्याआधी रंगून पूर्ण व्हायला हवी; अवजारांनाही विश्रांती हवी. हिल्लेलच्या शिष्यांनी ते मानलं नाही. शुक्रवारी सुरू करून दिलेलं काम आपलं आपण चालू राहिलं तर चालेल, असं ते म्हणाले, आणि तेच रूढ झालं. शुक्रवारी लावलेल्या मेणबत्त्या शब्बाथभर जळतात त्या याच न्यायाने. ज्यूंमधल्या कराईट पंथाने हे अमान्य केलं आणि कित्येक शतकं शुक्रवारची रात्र अंधारात काढली. आजची प्रत्येक शब्बाथ-बॅटरी ही हिल्लेलची वारस आहे.

कोकणातल्या बेने इस्राएलांना हा प्रश्न अधिक सोपा होता. अलिबाग-पेणच्या गावांत तेल गाळणारे हे मराठीभाषक ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. घाण्याला बैल होता, आणि शब्बाथची आज्ञा बैलाचंही नाव घेते. घरातल्या चाकरालाही ती विश्रांती देते. यादीत लाकडी घाण्याचं नाव नाही, पण बैल थांबला की घाणाही थांबे. लिथियमच्या पेटीला बैल नाही. तिच्यामागे राबणारा माणूसही दिसत नाही. ती चीनमधल्या एखाद्या कारखान्यात शनिवारीच जोडली गेली असेल, तरी हलाखाला, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राला, त्यात आक्षेप नाही, कारण शब्बाथ ज्यूंवरच बंधनकारक आहे. धर्मशास्त्राचा हिशेब इथे पुरा होतो. नीतीचा होतोच असं नाही.

आता हिशेब युनिटांचा. शब्बाथला स्वयंपाक वर्ज्य, म्हणून अन्न प्लाता नावाच्या विजेच्या तव्यावर गरम राहतं. २०० वॉटचा तवा २५ तासांत ५ युनिट खातो. ६० वॉटचे दोन पंखे ३ युनिट, १० वॉटचे पाच दिवे सव्वा युनिट, फ्रिज साधारण तेवढाच. झाले साडेदहा, इन्व्हर्टरची घट धरली की बारा. एकोफ्लोची डेल्टा प्रो ही उचलून नेण्याजोगी पेटी ३.६ युनिटांची आहे, म्हणजे नुसता तवाच तिला संपवतो. भिंतीवर बसणारी टेस्लाची पॉवरवॉल १३.५ युनिटांची, ती पुरते, पण एसी न लावता. ब्नेई ब्राकच्या ऑगस्टमध्ये एसी न लावणं ही वेगळीच तपश्चर्या.

जाहिरातीत ‘३००० वेळा चार्ज’ असं ठळक छापलेलं असतं, त्यावर इथे पैसे ओतण्यात अर्थ नाही. आठवड्याला एक म्हणजे वर्षाला ५२ वेळा. त्या हिशेबाने पेटी ५७ वर्षं चालायला हवी, पण त्याच्या कितीतरी आधी ती वयानेच थकेल. लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यायची ती लवकर पेट घेत नाही म्हणून. लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण ती निम्मीच वापरावी लागते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा बंद खोलीत नको.

खरे खड्डे सेटिंगमध्ये आहेत. प्लग भिंतीत राहिला तर बहुतेक पेट्या बाहेरची वीज तशीच पुढे सोडतात आणि बॅटरी नुसती बसून राहते. म्हणजे हजारो शेकेल खर्चून शब्बाथ त्याच वीजकेंद्राच्या विजेवर. याउलट काही पेट्या भार कमी झाला की वीज वाचवायला स्वतःच बंद पडतात. रात्री फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबला, पेटी झोपली, आणि तिला जागं करणारं बटण शनिवारी दाबायचं नसतं. ही सोय शुक्रवारी बंद करायलाच हवी.

घरोघरी पेटी हे मात्र पैसेवाल्यांचं उत्तर आहे, आणि ब्नेई ब्राक हे इस्रायलमधल्या गरीब शहरांपैकी एक. २०२३ मध्ये सरकारने तिथे सामाईक साठवणकेंद्राचा प्रयोग मंजूर केला, तेव्हा खर्चाचा बोजा सगळ्या ग्राहकांवर का, असा ओरडा झाला. ओरडा रास्त होता. तरीही जनरेटरच्या धुरापेक्षा आणि ज्याच्या त्याच्या खिशातल्या पावित्र्यापेक्षा मोहल्ल्याची एक बॅटरी बरी. तिची किंमत वापरणाऱ्यांनी भरावी, एवढंच.

पेटी घेणाऱ्याने आधी एखाद्या बुधवारी प्लग काढून २५ तास घर चालवून पाहावं. घरात कुणी ऑक्सिजनच्या यंत्रावर असेल तर ते यंत्र बाहेरच्या विजेवरच ठेवावं. त्याबाबत या वादातल्या दोन्ही बाजूंत मतभेद नाही.