डोकं खरं की धड?

वेताळाने विक्रमाला घातलेल्या कोड्यांपैकी एक भलतंच अवघड आहे. देवीच्या कृपेने एका बाईचा मेलेला नवरा आणि मेलेला भाऊ उठतात, पण गडबडीत डोकी बदलतात: नवऱ्याच्या धडावर भावाचं, भावाच्या धडावर नवऱ्याचं. मग बाईचा नवरा कोण? विक्रम सांगतो, नवऱ्याचं डोकं ज्याला, तो.

जपानच्या नारा महिला विद्यापीठातल्या सायाका मितो आणि योइची युसा यांनी २०२१ साली या उत्तराला अनपेक्षित साक्षीदार आणला. एलिशिया मार्जिनाटा ही हिंद-प्रशांत महासागरांच्या उष्ण पाण्यातली, शंख नसलेली गोगलगाय. ती मानेपाशी स्वतःच तुटते. हृदय धडात राहतं. डोकं एकटं सरपटत निघतं आणि काही तासांत शेवाळ खाऊ लागतं. दिवसभरात जखम भरते, आठवड्याभरात नवं हृदय घडू लागतं, तीनेक आठवड्यांत अख्खं शरीर उगवतं. शेवाळातली हरितलवकं ती आपल्या पेशींत टिकवून ठेवते. पचनसंस्था नसताना डोकं त्यांच्यावरच तग धरत असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

विक्रम जिंकला? इतक्यात नाही.

म्हाताऱ्या गोगलगायींची डोकी खात नाहीत, दहाएक दिवसांत मरतात. टाकलेलं धड मात्र हृदय चालू ठेवून, स्पर्श झाला की हलून, काही दिवस, कधी काही महिनेही जगतं. त्याला डोकं तेवढं फुटत नाही. राहू-केतूच्या कथेने तर डोकं आणि धड दोघांनाही ग्रहांच्या पंगतीत बसवलं.

गणपतीपाशी विक्रमाचा नियम पुरता कोसळतो. भाद्रपदात वाशी-नेरूळच्या घराघरांत बसणारा बाप्पा त्या न्यायाने हत्ती ठरायला हवा. पण तो गौरीचा मुलगाच राहिला, कारण आईने नातं सोडलं नाही. जगलं कोण, हे प्रयोगशाळा सांगू शकते. जगला तो कोणाचा, हे सांगणारी माणसं वेगळी असतात.

नवी मुंबईला हा प्रश्न परका नाही. १९७० साली शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली आणि ९५ गावांतल्या आगरी-कोळी कुटुंबांच्या शेतांवर, मिठागरांवर शहर उभं राहू लागलं. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. भात पिकवणारी शेतं आता इमारतींखाली आहेत, पुढची पिढी नोकरीला लागली आहे. तरी मूळ खातेदार हयात नसेल तर भूखंडाच्या फाइलमध्ये वारसाचा दाखला लागतो: अर्जदार शेती करतो का, हे तिथे कोणी विचारत नाही, तो कोणाचा नातू हे विचारतात.