सर्पाची कैफियत

महाभारताच्या अनुशासनपर्वाच्या आरंभी, शरशय्येवर पडलेले भीष्म आप्तस्वकीयांच्या संहाराने खचलेल्या युधिष्ठिराला एका मृत्यूच्या चौकशीचा वृत्तांत सांगतात. गौतमी नावाच्या वृद्ध स्त्रीचा मुलगा सर्पदंशाने मरण पावला आहे. अर्जुनक नावाच्या व्याधाने त्या सर्पाला बांधून तिच्यापुढे आणले आहे, आणि याला अग्नीत टाकू की याचे तुकडे करू, एवढ्या हुकमाची तो वाट पाहत आहे. तेव्हा सर्प आपली कैफियत मांडतो, की मी परतंत्र आहे, मला मृत्यूने पाठविले. कुंभाराचा दंड आणि चाक ही जशी स्वतःच्या इच्छेने फिरत नाहीत, तसाच मी. मृत्यू हजर होऊन आपला भार काळावर टाकतो, आणि काळ शेवटी येऊन सांगतो, की आम्हांपैकी कोणीही दोषी नसून बालकाच्या पूर्वकर्मानेच बालक गेले. गौतमी हा निर्णय मान्य करते, मुलाच्या मरणात स्वतःच्या कर्माचाही वाटा कबूल करते आणि सर्पाला सोडून द्यावयास सांगते. कार्यकारणभावाचा इतका सूक्ष्म आणि इतका करुण ऊहापोह आपल्या वाङ्मयात क्वचितच आढळेल. तथापि या कथेतील एका गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, ती अशी, की ‘करणारा मी नव्हे’ हे उत्तर आधी सर्पाच्या मुखातून येते आणि ‘करणारा तू नव्हेस’ या रूपाने मागाहून गौतमीच्या मुखातून, आणि या दोन मुखांत त्याचे नैतिक मोल सारखे नाही.

हा भेद जिथे अगदी स्वच्छ दिसतो असे स्थळ म्हणून मी एक घरगुती वस्तू पुढे ठेवतो: दिवाणखान्यात मांडलेली खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी. जो गृहस्थ महिनोन्महिने तिची निगा राखतो, तो एके दिवशी पहाटे उठून पाहतो, तो रात्री निरोगी दिसलेले मासे तळाशी पडलेले, आणि एखाददुसरा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत असलेला. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, त्यांचे आयुष्य तेवढेच होते. दुसरे कोणी म्हणते, घरावर येणारे अरिष्ट त्या मुक्या जिवांनी आपल्या अंगावर घेतले. गृहस्थ स्वतः मनातून खचतो आणि ‘मीच पापी’ एवढ्या दोन शब्दांत सारा प्रकार मिटवितो. ही तिन्ही उत्तरे दुःखातून आलेली आहेत, म्हणून आदराला पात्र आहेत. परंतु तिन्हींनी तपास थांबतो, आणि तपास थांबला की जे मासे अजून जिवंत आहेत तेही बहुधा जातात.

समुद्र घरात आणणे म्हणजे काय, हे या छंदाच्या अगदी आरंभीच्या इतिहासात उघड झालेले आहे. १८४६ च्या सुमारास ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले, आणि ते जगावेत म्हणून त्यांची दासी उघड्या खिडकीसमोर उभी राहून ते समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नित्य ओतीत असे, जेणेकरून त्यात हवा मिसळावी. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचा मत्स्यपेटीवरील ग्रंथ निघाला, आणि १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले. पण या सगळ्यापेक्षा मला ती अनाम दासी महत्त्वाची वाटते. वारा आणि लाटा मिळून जे काम अनादिकालापासून आपसूक करीत आल्या, ते काम तिच्या दोन हातांवर येऊन पडले होते. आज त्या हातांच्या जागी विजेचा पंप आहे, एवढाच फरक. काचेच्या आत पंचमहाभूतांचा कारभार एका माणसाच्या मुखत्यारीखाली येतो, आणि जे समुद्रात निसर्ग म्हणून घडत होते ते इथे कोणीतरी केले अथवा करावयाचे राहिले, या सदरात जमा होते.

ही मुखत्यारी किती नाजूक असते पाहा. समुद्राच्या पाण्यात हजार भागांस सुमारे ३५ भाग क्षार असतात, आणि सागरी माशाच्या शरीरातील द्रव त्याहून पुष्कळ कमी खारट असल्यामुळे त्याच्या देहातून पाणी सतत बाहेर ओढले जाते. समुद्रात राहूनही तो जणू कोरड्यात राहतो, आणि ती झीज भरून काढण्यासाठी त्याला समुद्रच प्यावा लागतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाझरतो. अथांग सागरात तो विरून जातो. दोनशे लिटरच्या पेटीत त्याची विल्हेवाट केवळ डोळ्यांना न दिसणारे जिवाणू लावतात, आणि त्यांची वसाहत नीट स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी, म्हणजे त्याचा सामू सुमारे ८.२, आणि अमोनियाचा जो अंश खरोखर विषारी असतो त्याचे प्रमाण सामू चढेल तसे वाढत जाते. म्हणून जेवढा अमोनिया सात सामूच्या गोड्या पाण्यातील मासा सहन करील, तेवढाच सागरी माशाला घातक ठरू शकतो. प्राणवायूचेही तेच. २५ अंश उष्णतेला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात ७ हूनही कमी, आणि पाणी तापेल तसा आणखी कमी. मे महिन्याच्या रात्री वीज गेली, पंप बंद पडला, अंधारात शेवाळानेही प्राणवायूच ओढून घेतला, की पहाटेपर्यंत पेटीतला श्वास संपतो. प्रायः मोठे मासे आधी जातात. उजाडेपर्यंत वीज परत आलेली असते, पंप पूर्ववत् चालू असतो, पाण्याच्या सर्व परीक्षा निर्दोष उतरतात, आणि ज्या कारणाने हा अनर्थ झाला ते आपला पुरावा मागे न ठेवता निघून गेलेले असते.

अशा वेळी पंचनामा करावा लागतो, आणि तो मृत्यूच्या क्रमाचा करावा लागतो: आधी कोण गेले, कोण मागाहून गेले, आणि विशेषतः कोण राहिले. मासे गेले पण त्याच पाण्यातील कोळंबी धडधाकट आहे, तर संशय रोगाकडे वळतो. ‘अमायलूडिनियम’ हा कल्ल्यांवर बसणारा परजीवी, ज्याने अंगावर सोनेरी धुळीसारखा थर येतो, एखाद्या नव्या माशाबरोबर पेटीत शिरून थोड्याच दिवसांत सगळे मासे नाहीसे करू शकतो, आणि तो कोळंबीला शिवत नाही. उलट कोळंबी आधी मेली, तर तांब्याचा अंश किंवा डासांवर फवारलेले औषध पाण्यात उतरले काय, हे पाहावे. कारण कवचधारी जीव ही दोन्ही सोसू शकत नाहीत. सारेच थोड्या अवकाशात गेले आणि आदल्या दिवशी तळाची जाड वाळू उपसली होती, तर त्या वाळूच्या खालच्या प्राणवायुहीन थरात साठलेला, सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सुटला असण्याचा संभव मोठा.

आपल्या नैयायिकांनी कारण शोधण्याच्या विद्येची जी शिस्त घालून दिली ती अशा प्रसंगी मला फार उपकारक वाटते. त्यांच्या मते कारण म्हणजे कार्याच्या आधी नियमाने असणारे, आणि त्याखेरीज ‘अन्यथासिद्ध’ नसणारे. घट होण्यापूर्वी माती, चाक, दंड आणि कुंभार तर असतातच; पण माती वाहून आणणारे गाढवही अंगणात उभे असते, आणि ते घटाचे कारण नव्हे, हे सिद्ध करण्यासाठी विश्वनाथ पंचाननासारख्या पंडिताने भाषापरिच्छेदात अन्यथासिद्धाचे पाच प्रकार मांडले. शोकाकुल गृहस्थाच्या मनात त्या सकाळी अशी पुष्कळ गाढवे उभी असतात: काल पाहुण्यांनी मुलांदेखत माशांची फार स्तुती केली, काल अमावास्या होती, काल नव्या डब्यातले खाद्य घातले. यांतले खाद्य तपासण्याजोगे आहे, कारण त्याचा पाण्याशी संबंध आहे; बाकीच्यांना तिथल्या तिथे रजा द्यावी.

परंतु यापेक्षाही कठीण अशी एक भूल आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. गृहस्थ पाण्याची परीक्षा करतो आणि अमोनिया चढलेला आढळतो. त्याला हायसे वाटते, अपराधी सापडला. पण रात्री मेलेला मासा कोनाकपारीत कुजत पडला असेल तर त्या कुजण्यानेच अमोनिया चढतो, आणि मग जे मृत्यूचे कार्य आहे त्यालाच आपण मृत्यूचे कारण म्हणून पकडून बसतो. पहिला मासा श्वासाभावी गेला, त्याच्या देहाच्या विषाने दुसरा गेला, आणि चौकशी दुसऱ्याच्या कारणावर येऊन समाधान पावली, असे अनेकदा घडते. मनुष्याच्या मोठ्या शोकांतही हेच होत असते; ज्या क्षणी उत्तर सापडल्याचा दिलासा मिळतो, तोच क्षण फसगतीचा असतो, कारण दिलासा मिळावा एवढ्याचसाठी आपण शोधीत होतो.

आता दोषाचा प्रश्न. नालंदेत भगवान बुद्ध आणि निग्रंथांचा, म्हणजे जैन श्रमणांचा, अनुयायी उपाली यांच्यात जो वाद झाला, त्यात निग्रंथांचा पक्ष असा, की कायेने केलेले कर्म सर्वांत अधिक निंद्य. आणि बुद्धांचा पक्ष, की मनाने केलेले. या दुसऱ्या पक्षाने पाहिले तर आमचा गृहस्थ सर्वथा निर्दोष ठरतो, कारण मारण्याची चेतना त्याच्या ठायी नव्हतीच. पण त्याच बौद्ध परंपरेतील मिलिंदप्रश्नात, पाप जाणून करणाऱ्याचा दोष अधिक की न जाणता करणाऱ्याचा, असे राजाने विचारले असता नागसेन निःशंकपणे सांगतात, की न जाणणाऱ्याचा. कारण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा जो अजाणता हाती घेतो तो अधिक भाजतो. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला स्थान दिले, आणि त्यांच्या परंपरेने हेही स्पष्ट केले, की जो यती पाय जपून टाकतो त्याच्या पायाखाली एखादा जीव गेला तरी त्याला हिंसेचा बंध नाही. मला यांत विरोध दिसत नाही. हेतू नसणे पुरेसे नाही; जपणे हवे, आणि जपण्याला ज्ञान हवे. ज्याला सामू ठाऊक नाही, ज्याने चार आठवडे न थांबता पहिल्याच रविवारी पेटी माशांनी भरली, त्याच्या मनातील माया खोटी नव्हती, पण ती माशांपर्यंत पोचलीच नाही.

म्हणूनच सर्पाच्या कैफियतीचा विचार पुन्हा करावा लागतो. गौतमी जेव्हा कर्माचे नाव घेते तेव्हा तिच्या हातात सूड आहे आणि ती तो टाकून देते; ते क्षमेचे वाक्य आहे. सर्प जेव्हा आपल्या पारतंत्र्याचे नाव घेतो तेव्हा त्याच्या दातांत अजून विष आहे, आणि ते वाक्य स्वतःच्या सुटकेसाठी उच्चारलेले आहे. मासे पाळणारा मनुष्य त्यांच्या मृत्यूने कितीही व्याकुळ झाला तरी त्याची जागा गौतमीची नाही. तो पेटीचा मुखत्यार होता. त्याने दैवाचे नाव घेऊच नये असे मी म्हणत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव, आणि दैव तिथे पाचव्या स्थानी आहे. पात्र, पाळणारा, पंप आणि गाळणी, आणि आदल्या आठवड्यात केलेल्या सर्व क्रिया, या चारांची झडती पुरी झाल्यावर जे उरेल त्याला दैव म्हणावे. कधीकधी खरोखरच काही उरते. दूर फिलिपिन्सच्या प्रवाळांत मासे पकडण्यासाठी १९६० च्या दशकापासून सोडियम सायनाइडची फवारणी होत आली. त्यातून वाचलेला मासा रंगाने तेजस्वी दिसतो, खातो-पितो, आणि घरी आल्यावर काही दिवसांनी सर्व परीक्षा निर्दोष असताना मरतो. पाळणाऱ्याच्या दृष्टीने हे दैव आहे. पण त्याच्या मागेही एक हात आहे, आणि त्या हाताला मोबदला शेवटी पाळणाऱ्याच्याच पैशाने मिळाला आहे.

इथे ‘मासे का मेले’ या प्रश्नाला ‘ते इथे का होते’ हा प्रश्न येऊन मिळतो, आणि तो टाळून चौकशी पुरी होत नाही. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या ओंजळीत सकाळच्या पाण्याबरोबर एक लहानसा मासा आला, मोठे मासे मला खातील म्हणून माझे पालन कर असे त्याने विनविले, आणि मनूने त्याला आधी कुंभात, मग खड्ड्यात ठेवून वाढविले व अखेर समुद्रात नेऊन सोडले. त्या पालनाची मुदत आरंभीच ठरलेली होती. घरच्या पेटीतील माशाला अशी मुदत नसते. आणि तो प्रवाळातून पकडून आणलेला असेल तर त्याने कोणाला विनविलेलेही नसते. आपल्या देशात २००१ साली समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. पण कायदा ज्यांचे नाव घेत नाही अशा माशांविषयी निर्णय गृहस्थानेच करावयाचा उरतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊनफिशची पैदास बंदिस्त पाण्यात यशस्वी करून दाखविली आहे, आणि टाकीतच जन्मलेला असा मासा घरी आणणे मला क्षम्य वाटते. जो समुद्रातून पकडून आणलेला आहे, आणि कोठून व कशा रीतीने पकडला हे विक्रेता सांगू शकत नाही, तो कितीही सुंदर असला तरी घेऊ नये, असे माझे मत आहे. आणि जो घ्यावयाचा तोही लगेच मोठ्या पेटीत सोडू नये. त्याला तीन-चार आठवडे वेगळ्या पात्रात ठेवावे, त्याचे कल्ले, भूक आणि अंगावरील ठिपके रोज पाहावे, पंपाला वीज गेल्यावर चालणारी बॅटरी जोडून ठेवावी, आणि पाण्याच्या परीक्षेची नोंद तारीखवार वहीत करीत जावे, म्हणजे पुन्हा कधी पंचनाम्याची वेळ आलीच तर साक्ष देण्यास निदान ती वही हजर राहील.