अरण्यातील तेरा पक्षी

(वाचन : लूक १२ : ६, ७)



आपल्या प्रभूने चिमण्यांविषयी बोलताना त्यांचा बाजारभावही सांगितला. जे स्वस्त ते कोण मोजीत बसतो, असा जगाचा व्यवहार आहे; देव मात्र मोजतो.

कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर एल युंके नावाचे वर्षावन आहे. त्यातून ला मीना धबधब्याकडे एक पायवाट उतरत असे. धबधबा सुमारे ३५ फूट उंच. सह्याद्रीच्या लोकांस त्याचे मोठेसे नवल वाटणार नाही. परंतु त्या रानातील जीव पाहावे. अंधार पडू लागला म्हणजे अंगठ्याएवढा बेडूक ‘को-की’ असे ओरडू लागतो. पहिला स्वर दुसऱ्या नरांस दूर ठेवण्यासाठी, दुसरा मादीस बोलावण्यासाठी! त्याची अंडी ओल्या पानांत असतात. बाप त्यांची राखण करितो, आणि अंड्यातून पूर्ण घडलेला इवलासा बेडूकच बाहेर येतो.

याच रानात इगुआका नावाचा हिरवा, तांबड्या कपाळाचा पोपट राहतो. हे नाव मूळच्या ताइनो लोकांनी त्याच्या हाकेवरून ठेविले. एके काळी बेटभर त्याचे थवे होते. मग जंगले तुटली, पिल्ले पिंजऱ्यांत गेली, आणि १९७५ साली रानात अवघे १३ पक्षी उरले.

१३ उरले हे कळले कसे? कोणी तरी मोजीत होते म्हणून. माणसे ढोलींजवळ आडोसा करून तासन्‌तास बसली. दुसरा एक पक्षी ढोली बळकावून अंडी फोडतो, हे त्यांनी पाहिले. त्या पक्ष्यास घरट्याचा तळ दिसावा लागतो, हेही त्यांच्या ध्यानी आले. तेव्हा त्यांनी खोल व अंधाऱ्या ढोली तयार केल्या. पोपटांस त्या चालल्या. चोरास चालल्या नाहीत. इतकी बारीक गोष्ट दुरून पाहणाऱ्यास कधी दिसली असती काय?

पुढे १९८९ च्या वादळात रानातील सुमारे अर्धे पक्षी गेले. २०१७ च्या मारिया वादळाने तर या अरण्यातील मोकळे पोपट जवळजवळ निःशेष केले आणि धबधब्याची वाटही मोडली. परंतु राखणदारांनी पाळलेले पक्षी आधीच आसऱ्यास नेले होते, ते वाचले. २०२० मध्ये त्यांतील काही पुन्हा एल युंकेच्या रानात सोडण्यात आले.

ज्या गावी उपासनेस दहा-बारा जणच जमतात, तेथील वडील मंडळी कधी कधी खिन्न होऊन म्हणतात, “आता उरलोच किती?” बंधूंनो, हा प्रश्न उसासा टाकून सोडून देऊ नये; खरोखरच मोजावे. गेल्या रविवारी कोण आले नाही? त्या विधवा बहिणीच्या घरी चूल पेटली होती काय? मुंबईस गिरणीच्या आशेने गेलेल्या कुटुंबाचा मुलगा परत आला, तो कोठे राहतो? त्याचे नाव आपणांपैकी कोणास ठाऊक आहे?